शाळेच्या दारात मुलांची वजनं लावू नका: एका झेरॉक्सवाल्या पालकाचं खुलं पत्र

आदरणीय मुख्याध्यापिका बाई, संस्थेचे पदाधिकारी आणि पालक-शिक्षक संघातले सगळे,

सप्रेम नमस्कार.

मी शाळेच्या मागच्या गल्लीत झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान चालवतो. स्नेहसंमेलनाच्या पत्रिका, सहलीची संमतीपत्रं, ओळखपत्रं, तुमचं बरंचसं काम गेली चौदा वर्षं माझ्याकडेच येतं आणि त्याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. मागच्या गुरुवारी शिपाईमामा पेन ड्राइव्ह घेऊन आले. म्हणाले, रंगीत काढा, ए-थ्री साइज, लॅमिनेशन करून द्या, सोमवारी दारातल्या फलकावर लावायचंय. मी फाइल उघडली. पाचवी ते दहावी, प्रत्येक तुकडीचं एक पान, मुलाचं नाव, हजेरी नंबर, उंची, वजन, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) आणि शेवटी एक गोल. हिरवा, पिवळा नाहीतर लाल. वर मोठ्या अक्षरात 'आमची शाळा, फिट शाळा' आणि खाली सूचना, की वार्षिक परीक्षेपर्यंत ज्याचं वजन सगळ्यात जास्त कमी होईल त्याचा स्टेजवर 'फिटनेस स्टार' म्हणून सत्कार होईल.

मी ते छापलं नाही. मामांना सांगितलं मशीनमधला कलर संपलाय. खोटं बोललो, पण त्या क्षणी दुसरं काही सुचलंच नाही, हात थरथरत होते. दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज दिला, शनिवारी परत एक दिला, दोन्हीची पोच माझ्याकडे आहे. उत्तर आलं नाही, फोन तेवढा आला की तुम्हाला जमत नसेल तर आम्ही दुसरीकडून छापून घेतो. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय.

या यादीत माझा मुलगा आहे, सहावीतला. पण हात थरथरले ते त्याच्यामुळे नाही, त्याच्या ताईमुळे. ती याच शाळेत शिकली, आता बारावीला आहे. हे पत्र तिने आधी वाचलंय, दोन ठिकाणी खोडलंय, आणि मग म्हणाली बाबा टाका. तिचं नाव लिहीत नाही. वजनाचे आकडेही कुठेच लिहिणार नाही, कारण तिला झालेल्या, खाणं सोडण्याच्या आजारातली मुलं असं काही वाचताना आकडे शोधतात आणि स्वतःशी ताडून बघतात, हे मला घरात कळलंय.

कोरोनानंतर शाळा परत सुरू झाली त्या वर्षी ती आठवीत होती. दीड वर्ष सगळी पोरं घरात कोंडलेली, सगळ्यांचीच अंगं बदललेली, त्यात वयात येण्याचं वय. शाळेने हॉलमध्ये वजनकाटा ठेवला, मुलं-मुली एकाच रांगेत, पीटीचे सर काट्यावरचा आकडा मोठ्याने सांगायचे आणि टेबलावर बसलेल्या बाई लिहून घ्यायच्या. तिचा आकडा ऐकून मागून कोणीतरी 'गोदाम' म्हणालं. रांग हसली. सर पण हसले, आणि पुढचं नाव घेतलं. बस, एवढंच. मिनिटभराची गोष्ट असेल. वर्ष संपेपर्यंत तिचं नाव गोदामच होतं.

त्या रात्री तिने दुसरी पोळी परत ठेवली, आमच्या लक्षातही आलं नाही. मग तिने उपास धरायला सुरुवात केली. आधी संकष्टी, मग गुरुवार, मग सोमवार, मग एकादश्या. माझ्या आईला केवढं कौतुक, म्हणायची आजकालच्या पोरींमध्ये एवढी श्रद्धा कुठे असते. आपल्याकडे न खाणाऱ्या मुलीला कोणी आजारी म्हणत नाही, साबुदाणा नको म्हणाली तर कडक उपास करते म्हणतात. नववीत ती खूप बारीक झाली. गॅदरिंगला ती सूत्रसंचालन करत होती, तेव्हा त्याच सरांनी माइक घेऊन सांगितलं, बघा, मनावर घेतलं की काय होऊ शकतं, हिचा आदर्श घ्या. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. घरी आल्यावर मीही म्हणालो, छान दिसत होतीस, एकदम सडपातळ. माझी मुलगी उपाशी मरत होती आणि आम्ही सगळे मिळून टाळ्या वाजवत होतो, हे मी आयुष्यभर विसरणार नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. एप्रिलच्या उन्हात स्वेटर. बाथरूमच्या जाळीत केसांचे पुंजके. पाळी बंद. जवळच्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं, म्हणाले वजन तर नॉर्मलमध्ये बसतंय, दहावीचं टेन्शन असेल. दहावीच्या नवरात्रात एका रविवारी तिची आई तिच्या केसांना तेल लावत होती, तिने मान खाली घातली आणि लांब बाही वर सरकली. हातावर जखमा होत्या, काही जुन्या, काही ताज्या. स्वतःच केलेल्या. आई ओरडली नाही, वाटी बाजूला ठेवली आणि तेलाच्याच हाताने तिला धरून बसली. बऱ्याच वेळाने पोरगी म्हणाली, मला स्वतःचा इतका राग येतो की तो कुठे ठेवू तेच कळत नाही.

पुण्याला मानसोपचार तज्ज्ञांकडे नेलं. तिथे पहिल्यांदा ॲनोरेक्सिया हा शब्द ऐकला, म्हणजे वजन वाढेल या भीतीने खाणं सोडण्याचा आजार. डॉक्टरांनी बऱ्याच गोष्टी समजावल्या, त्यातल्या काही तुम्हालाही कळल्या पाहिजेत असं मला फार वाटतं. हे फॅड नाही, हट्ट नाही, श्रीमंतांचे चोचलेही नाहीत. मनाच्या आजारांमध्ये सगळ्यात जास्त जीव घेणाऱ्या आजारांत हा येतो. २०११ साली आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा यात दगावलेल्यांपैकी पाचातला साधारण एक मृत्यू आत्महत्येचा निघाला. म्हणजे न खाणं आणि स्वतःला इजा करणं या दोन वेगळ्या भानगडी नव्हत्या, दोन्हीच्या मुळाशी स्वतःच्या शरीराचा तोच तिटकारा होता. आणि माणूस हाडकुळं दिसलं तरच आजारी, असंही नाही. वजन नॉर्मल किंवा जास्त असतानाही हा आजार असू शकतो, मानसोपचार तज्ज्ञांच्या निदानाच्या पुस्तकात २०१३ पासून त्याची वेगळी नोंद आहे. ज्या मुली खाऊन मग ते बाहेर काढतात त्या दिसायला अगदी ठीक दिसतात, पण रक्तातलं पोटॅशियम खाली जाऊन हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तुमच्या यादीत अशा मुलीपुढे हिरवा गोल असेल.

अजून एक सांगितलं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ च्या सुमाराला ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून बघितलं होतं. मनाने ठणठणीत माणसं, पण काही आठवड्यांत चिडचिडी झाली, उदास झाली, डोक्यात दिवसरात्र फक्त जेवण, काही जण तर रेसिपीची पुस्तकं जमवायला लागले. ऐकताना अंगावर काटा आला, कारण माझी मुलगी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर स्वयंपाकाचे व्हिडिओ बघायची, कोजागिरीला सगळ्यांसाठी मसाला दूध तिनेच आटवलं आणि स्वतः घोटही घेतला नाही. उपाशी मेंदू असाच वागतो म्हणे. त्याला आधी अन्न लागतं, उपदेश नंतर.

उपचार घरीच, दर पंधरा दिवसांनी पुणे. आईबापांनी ताट वाढायचं आणि समोर बसायचं, ही पद्धत १९८०च्या दशकात लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलात तयार झाली असं डॉक्टर म्हणाले. मी दुपारी दुकान बंद करून घरी जायला लागलो. वरण-भात, वर तूप, अर्धी पोळी, भाजी. ती चमच्याने तूप बाजूला करून ताटाच्या कडेला लावायची, मी काही न बोलता ते परत भातावर ओढायचो. ती रडायची, मला शिव्या द्यायची, मी समोर बसून असायचो. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ही शिवी मुलगी देत नाही, आजार देतोय, तुम्ही उठू नका. एका दुपारी त्या अर्ध्या पोळीला एक तास दहा मिनिटं लागली. शेवटचा घास गिळल्यावर ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, लहानपणी झोपायची तशी. अशा किती दुपारी गेल्या मोजल्या नाहीत. आज ती बरीच बरी आहे, पूर्ण नाही.

तुम्ही म्हणाल हे मोबाईलमुळे होतं, शाळेवर कशाला ढकलता. मी शाळेवर ढकलत नाही. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की एका कारणावर बोट ठेवू नका. स्वभाव असतो, सगळं परफेक्टच पाहिजे असं वाटणारी मुलं असतात, अनुवंशिकतेचा भाग असतो, रील्स आहेतच. इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीच्या स्वतःच्याच संशोधनात हे ॲप तीनातल्या एका मुलीचं स्वतःच्या शरीराबद्दलचं वाईट वाटणं आणखी वाढवतं असं आढळलं होतं, २०२१ मध्ये ते कागद बाहेर आले. आणि घरात आपण काय कमी बोलतो? खात्यापित्या घरची दिसते, लग्नात फोटोत मावणार नाही, काडी झाली वाऱ्याने उडेल. मीही हे सगळं बोललोय. पण मोबाईल कंपनीपुढे माझं काही चालत नाही, तुमच्या ऑफिसात मी चालत येऊ शकतो. आणि दारातला फलक लावायचा की नाही हे पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

आता तक्रारी सांगतो, मनात येतील तशा.

पहिली त्या यादीबद्दलच. मुलांची तपासणी करू नका असं मी म्हणत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, त्याचं पथक येतं, वजन-उंची घेतं, ज्या पोराला खरंच मदत लागते त्याला पुढे पाठवतं, ते चांगलंच आहे. पण डॉक्टरांच्या कागदावरचा आकडा शाळेच्या दारात का? पेपरवाला, रिक्षावाले काका, शेजारच्या शाळेतली पोरं, सगळी वाचणार. शिवाय तुमचे गोलही चुकीचे आहेत बाई. मी फाइल नीट बघितली, पाचवीच्या पोराला आणि दहावीच्या पोराला एकच मोजपट्टी लावलीय आणि ती मोठ्या माणसांची आहे. मुलांचा बीएमआय वय आणि मुलगा-मुलगी बघून तक्त्यावर वाचावा लागतो, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१५ मध्ये ५ ते १८ वयाच्या भारतीय मुलांसाठी वेगळे तक्ते काढलेत. वयात येताना वजन वाढतं, वाढायलाच पाहिजे. आणि लाल गोल फक्त जाड मुलांना नाहीत, बारीक मुलांनाही आहेत. त्यातल्या दोघांची घरं मला माहीत आहेत, घरात कमावणारं कोणी नाही. त्यांच्या उपासमारीचं पोस्टर तुम्ही माझ्याकडून लॅमिनेट करून घेणार होता.

दुसरी, बक्षीस. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये वजन कमी करण्याची शर्यत लावायची आणि जो सगळ्यात जास्त उपाशी राहील त्याला हार घालायचा, याला मी दुसरं काय म्हणू. जी मुलगी आधीच आजारी आहे ती ही शर्यत नक्की जिंकेल. मुलगेही यातून सुटत नाहीत, आठवी-नववीची पोरं जिमच्या नादाने जेवण सोडून पावडरी पितायत, त्यांच्याकडे तर कोणाचं लक्षच जात नाही.

तिसरी, डब्यांची. सीबीएसईने मे २०२५ मध्ये त्यांच्या शाळांना शुगर बोर्ड लावायला सांगितलं, ते बघून आपल्या स्टेट बोर्डाच्या शाळेतही लागला. कोल्ड्रिंकमध्ये साखर किती असते हे मुलांना कळावं, माझी हरकत नाही. पण आता मॉनिटर मधल्या सुट्टीत डबे बघत फिरतो आणि 'चुकीचा डबा' म्हणून फळ्यावर नावं लिहितो. माझ्या मुलाचं नाव लिहिलं गेलं, डब्यात तूप-साखर-पोळी होती. दुसऱ्या दिवशी त्याने डबा न उघडता परत आणला. जी शाळा डबा उघडायच्या आधी हात जोडून श्लोक म्हणायला शिकवते तिथे पोरं डबा लपवून खातायत.

चौथी गोष्ट सगळ्यात जास्त दुखलेली आहे. दहावीत शाळेला तिच्या हातावरच्या जखमांबद्दल कळलं तेव्हा तिला स्टाफरूमच्या दारात उभं करून विचारलं, ही काय नाटकं लावलीयेत, बाकीच्या मुलींनी बघून केलं म्हणजे? आमच्याकडून हमीपत्र लिहून घेतलं की पुन्हा असं केल्यास शाळा जबाबदार नाही, आणि परीक्षेपर्यंत घरीच बसवा असं सुचवलं. एकाही बाईने तिला विचारलं नाही की बाळा, तुला काय होतंय. लक्ष वेधायला करतात म्हणतात, अहो, तिने वर्षभर पूर्ण बाह्या घातल्या होत्या, ती लपवत होती. बाकीच्या मुलींची काळजी असायलाच हवी, तपशील पसरू नयेत हेही बरोबर, पण त्यासाठी आजारी मुलीला घरी कोंडायचं नसतं. आत्महत्येचे विचार येतात का असं सरळ विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत, उलट कोणीतरी विचारलं म्हणून जीव हलका होतो, हे आम्हाला पुण्यात शिकवलं. शाळेत कोणालाच माहीत नव्हतं.

आणि माहीत असणार कसं? आपल्या शाळेत हजाराच्या वर मुलं आहेत. दुसऱ्या मजल्यावर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी आहे, आत लेझीम आणि फुटबॉलच्या जाळ्या ठेवल्यात. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ ला सुकदेव साहा विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात सगळ्या शिक्षणसंस्थांसाठी नियम घालून दिलेत. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. शिक्षक आणि शिक्षकेतर सगळ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवं, त्यात स्वतःला इजा करणाऱ्या मुलाशी कसं वागायचं तेही येतं. हेल्पलाइनचे नंबर दिसतील असे लावायचेत. तो निकाल एका मुलीच्या मृत्यूवरून आलेल्या खटल्यातला आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ तर २००९ पासून आहे, मुलाला मारायचं नाही तसंच मानसिक त्रासही द्यायचा नाही. नावासकट लाल गोल दारात लावणं हा मानसिक त्रास नाही का, हे संस्थेच्या वकिलांना जरूर विचारा.

मला काय हवंय ते साधं आहे. ती यादी कुठेही छापू नका, दुसरीकडूनही नाही, आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकू नका. बक्षीस रद्द करा, आणि रद्द केल्याचं मुलांना परिपाठाला सांगा, कारण काही मुलांनी ते आधीच मनावर घेतलेलं असेल. इथून पुढे वजन घ्यायचं तर पडद्याआड, नर्स किंवा डॉक्टरांनी, एकेका मुलाचं, आकडा न उच्चारता, आणि तो बंद पाकिटात फक्त पालकांना. डबे तपासणं आणि फळ्यावर नावं लिहिणं उद्यापासून बंद. शरीरावरून पाडलेली नावं शिक्षकांनी स्वतः तर घेऊच नयेत, ऐकली तर तिथल्या तिथे थांबवावीत. समुपदेशक या सत्रात नेमा, पैशांची अडचण असेल तर पालक संघात मांडा, मी माझ्या परीने देईन, आणखीही देणारे निघतील. प्रशिक्षणाला पीटीचे सर आणि शिपाईमामा दोघंही असू देत. एखादं मूल स्वतःला इजा करतंय असं कळलं तर काय करायचं हे एका पानावर लिहून ठेवा: त्याला एकटं सोडायचं नाही, चारचौघांत विचारायचं नाही, त्याच दिवशी पालकांना शांतपणे बोलवायचं, डॉक्टरांचा पत्ता द्यायचा, हमीपत्र घ्यायचं नाही, शाळेतून काढायचं नाही. हे पान मी फुकट छापून देतो, प्रत्येक वर्गासाठी.

आणि त्या फलकावरची जागा रिकामी राहील, तिथे १४४१६ हा नंबर लावा. टेली-मानस, सरकारची सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून आहे, दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलता येतं. सोबत मुलांसाठीचा १०९८. हे वाचणाऱ्या कुठल्या पोराला किंवा पोरीला स्वतःचं काही आठवलं असेल तर बाळांनो, आजच कोणाला तरी सांगा, आईबाबांना नाही जमलं तर मावशीला, आत्याला, आवडत्या बाईंना, नाहीतर या नंबरवर. तुमचं काही चुकलेलं नाहीये आणि यातून बरं होता येतं, माझ्या घरात मी ते रोज बघतोय.

बाई, तुम्ही मुलांचं वाईट चिंतून हे केलं असं मला एक क्षणही वाटत नाही. माझ्या मुलीला तुम्हीच पहिलीत बाराखडी शिकवलीत, ती अजून तुमचं नाव आदराने घेते. मला भांडण नकोय. शिपाईमामांनी दिलेला पेन ड्राइव्ह दुकानाच्या गल्ल्यात कुलपात आहे, त्यातली फाइल मी कोणाला दाखवलेली नाही, दाखवणारही नाही. सोमवारी दुकान उशिरा उघडतो. साडेदहाला तो घेऊन ऑफिसात येतो, सोबत मुलीची आई असेल, आणि जमलं तर मुलगीही येईन म्हणतेय. अर्धा तास काढा.

आपला,
सहावीतल्या एका मुलाचा आणि याच शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीचा बाबा